जागा शेजारणीनं सांगायची

निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या शिक्षिकेला आमच्याकडे दोनच कामं उरतात: लग्नपत्रिकेतलं इंग्रजी तपासून देणं आणि चुकून गावात शिरलेल्या गोऱ्या माणसाला आगरदांड्याच्या फेरीबोटीचा रस्ता सांगणं. त्या वर्षी गणपती गेले आणि तिसरं काम चालून आलं. मुंबईतली एक संस्था परदेशी विद्यापीठातली सहा मुलं घेऊन गावात आली. अर्धं सत्र मुंबईत शिकायचं आणि उरलेलं आमच्या कोळीवाड्यात राहून सेवा करायची, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. सेवा नक्की कसली, ते कुणी ठरवलेलं नव्हतं. ते आम्ही सुचवावं अशी अपेक्षा होती. मला दुभाष्याचं काम मिळालं आणि गळ्यात अडकवायला 'स्थानिक समन्वयक' असं छापलेली पट्टी मिळाली. पट्टीवर माझं नाव नव्हतं. संस्थेला बहुधा पद पुरेसं वाटलं असावं.

मुलं चांगली होती, हे आधीच सांगून टाकते. ती लवकर उठत, ताटात पडेल ते खात, काट्याची मासळी खाताना घाबरत पण सोडत नसत. संध्याकाळी किनाऱ्यावर वाड्यातल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळत आणि न चुकता हरत. रविवारी फेरीबोटीनं पलीकडे दिघीला जाऊन वडापाव खात आणि पुढच्या बोटीनं परत येत. या प्रवासाला त्यांनी 'सफर' असं नाव दिलं होतं. आमच्याकडची माणसं तोच प्रवास शिव्या देत करतात, पण मुलं कठड्याला टेकून खाडीकडे अशी बघत की मीही एकदोनदा वळून बघितलं. खाडी होती तशीच होती. तरी त्यांचं बघणं मला आवडलं.

सहाजणांना सहा घरांत ठेवलं होतं. त्यांतली एक उंच, ताडताड चालणारी मुलगी एका विधवा बाईकडे राहायला होती. बाई पन्नाशीची. नवरा गेल्यावर होडी दिराच्या घरात राहिली आणि ही होडीशिवायची कोळीण झाली. लिलावात जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, विकत घ्यायचा, वाळूवर सुकवायचा, सुका माल माणगावच्या बाजारात न्यायचा, यावर तिचं एकटीचं घर चाले. मुलगी तिला मावशी म्हणे. लगतच्या घरात दीर आणि जाऊ. दोन ओट्यांमध्ये पाच हातांचं अंतर, आणि दोन जावांमध्ये कित्येक वर्षांचा अबोला. अबोल्याचं कारण मी दोघींना वेगवेगळं विचारलं आहे. जावेच्या मते मावशी हळदीच्या मांडवातून न जेवता उठून गेली. मावशीच्या मते तिला जेवायला कुणी बसाच म्हटलं नव्हतं. हळद कुणाची होती यावरही एकमत नाही.

अबोला म्हणजे बोलणं बंद, असं मात्र नव्हतं. फक्त मध्ये कुणीतरी लागे. आधी कोंबडी असे, कधी भिंत, कधी रस्त्यानं जाणारा कुणीही. मुलगी आली आणि दोघींना सोन्यासारखं माणूस मिळालं, कारण तिला मराठी येत नव्हती आणि प्रत्येक वाक्याला ती मनापासून "हो" म्हणत असे.

जाऊ ओट्यावर मासळी निवडत म्हणायची, "बाय, तुज्या मावशीला सांग, कोंबडी आवर. माज्या ओट्यावर घाण करून जाते."

"हो," मुलगी म्हणायची.

पाच हातांवरून मावशीचं उत्तर यायचं, त्याच मुलीला उद्देशून. "तिला सांग बाय, कोंबडीलाबी कळतं कुटं घाण करायची ती."

"हो, हो."

आपल्याला दोन बायका आळीपाळीनं भाषा शिकवतायत, अशी मुलीची समजूत होती, आणि ती फारशी चूक नव्हती. दोन-तीन आठवड्यांत तिला "आवर", "लाज हाय काय" आणि "तोंड सांभाळ" ही वाक्यं अस्सल उच्चारासकट येऊ लागली. फेरीबोटीवर तिकीट देणाऱ्याला तिनं एकदा हसतमुखानं "तोंड सांभाळ" म्हटलं. तो इतका दचकला की त्यानं सुट्ट्या पैशांवरून नेहमीची कटकट न करता तिकीट फाडून दिलं.

दसरा जवळ आला, पाऊस उघडला, आणि संस्थेनं किनारा स्वच्छ करायचा घाट घातला. मुंबईहून संस्थेचा तरुण व्यवस्थापक आला. त्याच्या अंगात खादीचा झब्बा आणि तोंडात 'समुदाय' हा शब्द होता. बॅनर आला, मांडव आला, हातमोजे आले, टोप्या आल्या. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक पाहुणे आले. त्यांनी समुद्र आपली आई आहे या विषयावर भाषण केलं आणि आई या नात्याचे सगळे पैलू घेतले. मी त्याचं इंग्रजी तीन वाक्यांत केलं.

"एवढंच बोलले ते?" मुलीनं मला हळूच विचारलं.

"नीट ऐकलंस तर याहूनही कमी," मी म्हटलं.

पाहुण्यांनी मोजे घातले, एक बाटली उचलली, तिच्यासह फोटो काढून घेतला आणि ते जेवणापर्यंत मांडवात बसले. मुलं मात्र खरोखर राबली. दुपारपर्यंत त्यांनी सुरूच्या झाडांपासून खाडीच्या तोंडापर्यंतचा किनारा पार धुतल्यासारखा केला. पावसात वाहून आलेलं प्लास्टिक, चपला, थर्माकोल, फाटकी जाळी, बांबूचे खुंट, फुटके बोये, सगळं गोळा करून ट्रॅक्टरनं डोंगराकडच्या जुन्या खाणीत नेऊन टाकलं, वर माती लोटली. या सगळ्या वेळात वाड्यातली एकही बाई किनाऱ्यावर नव्हती. त्या सगळ्या चुलीपाशी होत्या. स्वयंसेवकांसाठी शंभरेक माणसांचं जेवण त्यांनाच करायचं होतं.

जेवणं झाली, पाहुणे गेले, तेव्हा मुलीनं मावशीचा हात धरला आणि तिला किनाऱ्यावर घेऊन आली. तिला ते दाखवायचं होतं. हात पसरून ती म्हणाली, "मावशी, बघ!"

मावशीनं बघितलं. सुरूच्या शेवटच्या झाडापाशी गेली, ट्रॅक्टरच्या चाकांनी सपाट झालेली वाळू पायानं चाचपली, चार पावलं पुढे गेली, परत आली.

"माजा खुंट कुटं हाय?" तिनं मला विचारलं. मुलीला नाही, मला.

मला तेव्हा कळलं नाही. मी गावाच्या वरच्या आळीतली. सुकी मासळी मला डब्यात भेटते, वाळूवर नाही. मागोमाग आणखी बायका आल्या, ओल्या हातांनी, पदर खोचलेल्या, आणि जी ती आपापल्या जागी जाऊन खाली बघत उभी राहिली. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या, आणि त्या गलक्यातून मला हळूहळू कळलं ते असं.

त्या वाळूवर प्रत्येक घराचं खळं आहे. खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. पावसाआधी सगळा बाडबिस्तरा उचलताना जी ती बाई आपल्या खळ्याच्या कोपऱ्यावर खूण ठेवून जाते. खूण म्हणजे कुणाचा मोडका बोया, कुणाची कौलं, कुणाचा दगड. मावशीची खूण नवऱ्यानं ठोकलेला बांबूचा खुंट होता, त्याला जाळ्याची हिरवी चिंधी आणि बुडाशी निळ्या पिंपाचं अर्धं झाकण. चार महिने पावसात या खुणा तशाच असतात. कुणी हात लावत नाही. परक्याला तो कचरा वाटतो, आणि तो कचरा वाटावा हेच बरं असतं.

"तुमी लोकांनी बघितलं न्हाय काय?" एकीनं पुरुषांना विचारलं. पुरुष दिवसभर तिथेच जाळी शिवत बसले होते.

"बघितलं की," एक म्हणाला. "पन आमाला वाटलं, संस्थेचा कार्यक्रम हाय, बायकांना इचारूनच चाललं असंल."

"तुमाला काय वाटंल ते वाटू दे! डोल्यांदेकत खुंट उपटले आनि तुमी सुया चालवत बसला!"

मुलीला हे सगळं मी सांगितलं. सांगताना शक्य तितकं सौम्य केलं, पण खुंट हा शब्द सौम्य करता येत नाही. तिचा चेहरा उतरला. तो खुंट तिनंच उपटला होता. घट्ट होता म्हणून मित्राला बोलावलं होतं आणि दोघांनी जोर लावून काढल्यावर हसत फोटोही काढला होता. फोटो आहे म्हटल्यावर व्यवस्थापकाचे डोळे चमकले. फोटोवरून जागा शोधता येईल! सगळ्यांनी मोबाइलभोवती डोकी घातली. फोटोत बॅनर होता, मागे बसलेले पाहुणे होते, दोघांचे दात होते. जागा तेवढी नव्हती.

बाकीच्या बायका रागावल्या होत्या, पण घाबरलेली एकटी मावशी होती. तेही मला पुढे कळलं. मोठ्या वादळात खुणा वाहून जातात तेव्हा काय करायचं, ते वाड्यात पूर्वीपासून ठरलेलं आहे. सगळ्या बायका वाळूवर ओळीनं उभ्या राहतात आणि जागा सांगितल्या जातात. पण आपली जागा आपण सांगायची नाही. ती शेजारणीनं सांगायची. शेजारीण सांगेल ते पुरतं मान्य करायचं, त्यातलं अर्धं घेऊन अर्धं टाकायचं नाही. जिच्यासाठी कुणी बोलत नाही, तिची जागा मोकळी धरतात आणि ज्या नव्या घराला हवी त्याला देतात.

खळ्यांची ओळ खाडीकडून सुरू होते आणि सुरूच्या झाडापाशी संपते. मावशीचं खळं ओळीतलं शेवटचं. उंचावर, वाऱ्याच्या तोंडी, रस्त्याला लागून असलेलं. टेम्पो थेट तिथे येतो. हिच्या घरात होडी नसताना हिला एवढी मोक्याची जागा कशाला, असं म्हणणारी दोन नवी घरं वाड्यात होती आणि ती हे हळू आवाजात म्हणत नव्हती. शेवटच्या खळ्याला एका बाजूला रस्ता. रस्ता बोलत नाही. दुसऱ्या बाजूला एकच शेजारीण. ती म्हणजे जाऊ.

संध्याकाळी व्यवस्थापक उपाय घेऊन आला. उपग्रहाच्या मदतीनं नकाशा करायचा, प्रत्येक खळ्याला क्रमांक द्यायचा, घराच्या नावाचा टिकाऊ फलक लावायचा. खर्च संस्था करेल. त्यानं हे इतकं झरझर सांगितलं की नकाशा त्याच्या डोक्यात आधीपासूनच होता, फक्त संधी मिळत नव्हती, असं मला वाटलं. मी वाड्यातल्या सगळ्यात वडील बाईला त्याचं म्हणणं सांगितलं. तिला सगळा वाडा आये म्हणतो.

आये ऐकून घेऊन म्हणाली, "चांगला पोरगा हाय. त्याला जेवू घाल आनि सांग, बोर्ड न्हाय पायजे."

"का नको, आये?"

"बोर्ड लावला का कोन तरी वाचनार. वाचला का इचारनार, ही वाळू कोनाची, कोनाच्या परवानगीनं बसता? तवा काय दाखवू? तुजा नकाशा?"

मी हे इंग्रजीत सांगितलं. मराठीतही सांगितलं, कारण व्यवस्थापक मराठीच होता, तरी त्याला कळलेलं दिसत नव्हतं. वाळू सरकारची आहे. बायका तिथे पिढ्यान्‌पिढ्या बसतात, पण कागदावर तिथे कुणीच बसत नाही. फाटकी चिंधी आणि फुटकं झाकण कुणी वाचत नाही, म्हणून ती टिकतात. मी उभी हयात मुलांना सगळं लिहून काढायला शिकवलं. काही गोष्टी न लिहिल्यामुळेच उभ्या राहतात, हा धडा कुठल्याच इयत्तेला नव्हता.

मुलीनं त्या दिवशी तिच्या परीनं एक गोष्ट केली. ती जावेच्या ओट्यावर गेली, हात जोडले आणि येत होतं तेवढ्या मराठीत बोलली. मावशीचं नाव घेतलं, "जागा" म्हणाली, "सांग" म्हणाली, आणि शब्द संपल्यावर रडायला लागली. जावेनं तिला लाल चहा दिला. वचन दिलं नाही. "खा काय तरी, हडकुळी झालीस," एवढंच म्हणाली. आणि मग नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं, "तुज्या मावशीकडं काय उपाशी ठेवतात काय?"

पाच हातांवरून उत्तर आलं नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच आलं नसेल.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला बायका ओळीनं उभ्या राहिल्या. आये पाटावर बसली होती, हातात काठी. मुलं लांब सुरूच्या सावलीत, शिक्षा झाल्यासारखी. व्यवस्थापकाला फोटो काढू नकोस असं मी सांगितलं होतं आणि त्यानं ऐकलं, हे त्याच्या बाजूनं नमूद करते. खाडीकडून सुरुवात झाली. एकेक बाई पुढे येई, शेजारणीकडे हात करी आणि सांगे: हिचं खळं इथून त्या खडकाच्या रेषेपर्यंत. आये काठीनं वाळूत रेघ ओढायला लावी. मध्येच एकदोघींची जुंपली.

"येवढं कवा व्हतं गो तिचं? लग्नात काय आंदन आनलं काय?"

"तुज्या डोल्यात येतं म्हनून मोठं दिसतं!"

"मोठं न्हाय दिसत, मोठं हाय. ओढ रेघ," आये म्हणाली.

रेघा सरकत सरकत सुरूच्या झाडाकडे आल्या. जावेचं खळं तिच्या खाडीकडच्या शेजारणीनं सांगितलं. ते कुठे सुरू होतं, तेवढंच तिला माहीत होतं. कुठे संपतं, ते जावेनं सांगायचं होतं, कारण ते संपतं तिथे मावशीचं सुरू होतं.

जाऊ पुढे आली नाही. मावशी झाडाच्या बुंध्याशी उभी होती, कुणाकडेही न बघता. नव्या घरांतल्या दोघी जरा पुढे सरकल्या. आयेनं काठी वाळूत टेकली आणि वाट बघितली. तिला घाई नव्हती. मला होती. मी सगळ्यांची भाषा येणारी एकटीच तिथे होते, आणि तिथे भाषांतर करण्याजोगं कुणी काही बोलत नव्हतं.

मग जावेनं मान वळवली आणि सुरूच्या सावलीत उभ्या असलेल्या मुलीला हाक मारली.

"ए बाय! हिकडं ये."

मुलगी धावत आली, दोघींच्या मध्ये उभी राहिली. नेहमीच्या जागी.

"तुज्या मावशीला सांग," जाऊ म्हणाली, "दर वर्षी तिचा जवला वाऱ्यानं उडून माज्या बोंबलांत येतो. निवडून निवडून माजी बोटं झिजली."

"हो," मुलगी म्हणाली.

"सांग तिला, त्या झाडापासून माज्या पयल्या वलांडीपर्यंत सगला तिचाच पसारा. मला उभं रायला जागा न्हाय. आनि त्यातलाबी एक हात माजा हाय. तिनं दाबलाय. तो मागं घे म्हनावं."

"हो, हो."

वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायचा बांबूचा मांडव. जावेच्या पहिल्या वलांडीचे खोल खड्डे वाळूत अजून दिसत होते. तिनं खूण म्हणून ठेवलेले बांबू मुलांनी नेले होते, खड्डे त्यांना नेता आले नव्हते. नव्या घरातली एक म्हणाली, "ही काय साक्ष झाली? ही तर त्या पोरीशी बोलली."

"कोनाशी बोलली ते मी इचारलं काय?" आये म्हणाली. "झाडापासून वलांडीपर्यंत तिचं, बोलली ना? समद्यांनी आयकलं. ओढा रेघ. एक हात सोडून."

एक हात सोडून. शेजारणीचं म्हणणं पुरतं घ्यायचं असतं. जागा हवी तर तो हातही सोडायला हवा. मावशीचं म्हणणं काय, ते मला एकदा कधीतरी सांगून झालं होतं: हात दाबलेला जावेनंच आहे. मावशी झाडापासून हलली, मुलीजवळ आली आणि मुलीकडे बघून म्हणाली, "सांग तिला. दिला."

नंतर जरा थांबून, "हात न्हाय व्हता पन. वीत व्हती."

"हो," मुलगी म्हणाली, आणि रेघ ओढली गेली.

त्यानंतरचे दिवस भराभर गेले. मुलं सकाळी बायकांबरोबर जवळा पसरायला शिकली, त्यांच्या केसांना आणि कपड्यांना तो वास कायमचा लागला. फेरीबोटीवर आता त्यांच्याभोवती जरा मोकळी जागा राहू लागली. संस्थेच्या अहवालात किनारा स्वच्छतेचा फोटो पहिल्या पानावर आला. खुंटांचा उल्लेख त्यात नव्हता आणि असावा असं वाड्यातही कुणाला वाटलं नाही. नवी खूण मावशीनं स्वतः ठोकली. जाडसा बांबू, आणि त्याच्या टोकाला त्या दिवशीचा मुलीचा नारिंगी हातमोजा, वाळू भरून, तोंड बांधून. लांबून बघितलं तर कुणीतरी जमिनीतून हात वर करून हजेरी देतंय असं वाटे.

जावेला दिलेल्या त्या हातभर पट्टीत कुणीच काही वाळत घालत नव्हतं. जाऊ तिथवर वलांडी आणत नव्हती, मावशीचा जवळा तिथवर जात नव्हता. दोघी ती पट्टी झाडत मात्र असत. एकीचं झाडून झालं की थोड्या वेळानं दुसरी.

डिसेंबरात मुलं गेली. मुलीच्या सामानात मावशीनं सुक्या जवळ्याची पिशवी घातली आणि जावेनं बोंबलांची, एकमेकींना न सांगता. विमानतळावर त्या पिशव्यांचं काय झालं ते मला कळवलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. टेम्पो माणगावच्या दिशेनं वळेपर्यंत ती हात हलवत होती. शेवटी ओरडून काहीतरी म्हणालीही. मला तरी ते "तोंड सांभाळ" असंच ऐकू आलं, आणि ओट्यांवरच्या दोघीही हसल्या, पण आपापल्या दिशेला तोंड करून.

नंतर दोन दिवसांनी मी जवळा घ्यायला किनाऱ्यावर गेले. ऊन छान पडलं होतं, खळी भरली होती. मावशी झाडाशी जवळा परतत होती, जाऊ वलांडीवर बोंबील लावत होती, मध्ये ती झाडलेली पट्टी. अचानक वारा फिरला, जमिनीकडून यायला लागला. जावेनं मान वर केली, आजूबाजूला बघितलं. कोंबडी घरी होती. मुलगी तिच्या देशात होती. वाळूवर रिकामी अशी मी एकटीच उभी होते.

"बाई," ती मला म्हणाली, "तिला सांगा, वारा फिरलाय. जवला झाकायला सांगा, मंग माज्या बोंबलांत नको यायला."

मी वळले आणि हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या बाईला शुद्ध मराठीत सांगितलं, की वारा फिरला आहे.

"आयकलं," मावशी म्हणाली आणि जाळं ओढून जवळ्यावर पसरू लागली. "तिला सांगा, दुसरं टोक धर म्हनावं. मला येकटीला पुरत न्हाय."

मी पुन्हा वळले. जाऊ तोवर पट्टी ओलांडून आली होती, पण मी सांगेपर्यंत तिनं टोकाला हात लावला नाही.